नोवुस, नोवा, नोवुम : एका लॅटिन विशेषणाचं कूळ आणि त्याची रूपं

लॅटिन शब्दकोशात ‘नवा’ या अर्थाचं विशेषण शोधलं, तर तीन रूपं शेजारी शेजारी छापलेली दिसतात: नोवुस, नोवा, नोवुम. पहिलं पुल्लिंगी, दुसरं स्त्रीलिंगी, तिसरं नपुंसकलिंगी. इंग्रजीतून लॅटिनकडे जाणारा विद्यार्थी इथेच अडखळतो, कारण त्याच्या भाषेतलं विशेषण कशासाठीही बदलत नाही. हिंदी बोलणाऱ्याला दोन लिंगं ओळखीची वाटतात, तिसरं शिकावं लागतं. मराठी माणसाला मात्र यात नवीन काहीच नाही. नवा वाडा, नवी विहीर, नवं घर: आपण हे तीन वर्षांचे असल्यापासून न चुकता करत आलो आहोत.

म्हणूनच आपल्याकडे लॅटिनची ओळख इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने करून दिली जाते, याची मला खंत वाटते. त्या पुस्तकांना लिंग, विभक्ती, सामान्यरूप या कल्पना मुळापासून समजावाव्या लागतात. आपल्याला त्या आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या असतात, आणि शाळेत ‘देवः देवौ देवाः’ म्हटलं असेल तर निम्मं काम झालेलंच असतं. नोवुस या एकाच विशेषणाच्या आधाराने हे दाखवता येतं.

आधी कूळ पाहू. नोवुस आणि नवा यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, आणि उसनवारीचंही नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. चावी आणि पगार हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले आणि त्यांची मुळं लॅटिनमध्ये आहेत. ते आलेले पाहुणे. ‘नवा’ तसा नाही. तो पोर्तुगीज जहाजं कोकण किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. ऋग्वेदात ‘नव’ आहे. लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही भाषा एका फार जुन्या भाषेतून निघाल्या. ती कोणी लिहून ठेवलेली नाही, पण तिच्या लेकींची तुलना करून तिचे शब्द बऱ्याच खात्रीने मांडता येतात. तिला आद्य भारोपीय म्हणतात. विल्यम जोन्सने 1786 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा असं मांडलं, तेव्हापासून हा अभ्यास जोरात सुरू झाला.

त्या आद्य भाषेत ‘नवा’साठी शब्द होता ‘नेवोस’, दोन्ही स्वर ऱ्हस्व. भारत-इराणी शाखेत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे दोन्ही स्वर ‘अ’मध्ये मिसळले, त्यामुळे ‘नेवोस’चं ‘नवस्’ झालं, म्हणजे आपलं ‘नवः’. ग्रीकमध्ये मधला ‘व’ गळला आणि उरलं ‘नेओस’. लॅटिनमध्ये वेगळंच घडलं: ‘व’च्या आधीच्या ‘ए’चा ‘ओ’ झाला. नेवोस, मग नोवोस, मग नोवुस. हा बदल या एका शब्दापुरता नव्हता. ‘तुझा’ या अर्थाचा ‘तेवोस’ हा शब्दही त्याच वाटेने ‘तोवोस’ झाला आणि पुढे ‘तुउस’. ध्वनिबदल असा नियमाने होतो, आणि शब्दांचं नातं त्या नियमावरून सिद्ध होतं. दोन शब्द नुसते सारखे ऐकू येणं हा पुरावा नव्हे.

या शास्त्राची परीक्षा कशी झाली तेही सांगायला हवं. ग्रीक ‘नेओस’मध्ये पूर्वी ‘व’ होता, असं भाषाशास्त्रज्ञ इतर भाषांशी केलेल्या तुलनेवरून सांगत होते. 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिसने लिनिअर बी ही लिपी उलगडली आणि तीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्यांवर ग्रीक भाषा वाचता येऊ लागली. त्या पाट्यांवर ‘नवा’साठी लिहिलं आहे ‘ने-वो’. ‘व’ जागच्या जागी. आजच्या तुर्कस्तानात बोआझकोय इथे सापडलेल्या पाट्यांची हित्ती भाषा बेद्रिख ह्रोझ्नीने 1915 मध्ये उलगडली, तिच्यातही ‘नेवा’ निघाला. आधी कागदावर मांडलेलं रूप नंतर जमिनीतून वर यावं, याहून मोठी साक्ष ती काय असणार?

भावंडं आणखीही आहेत. रशियन ‘नोवी’, इंग्रजी ‘न्यू’, आणि फारसी ‘नौ’. पारशी मंडळींच्या नवरोजातला ‘नव’ तोच: नवा रोज, नवा दिवस.

इथे एक गाठ सोडवून ठेवतो. नवरात्रातला ‘नव’ हा आकडा आहे, नवेपणा नाही. लॅटिनमध्येही हीच जोडी शेजारी येते: नोवुस म्हणजे नवा, नोवेम म्हणजे नऊ. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होई आणि नववा महिना तो नोव्हेंबर. म्हणजे ‘नऊ’ आणि ‘नवा’ यांचं ध्वनिसाम्य दोन्ही भाषांत आहे आणि ते फार जुनं आहे. आठानंतर नवी मोजणी सुरू होते म्हणून नऊ, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्क मोहक आहे, सिद्ध झालेला नाही.

आता रूपं. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या मागे तीन बाबतींत जातं: लिंग, वचन आणि विभक्ती. लिंगं तीन, वचनं दोन, विभक्ती संबोधन धरून सहा. गुणाकार केला तर 36 घरं होतात. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण या 36 घरांत लिहिताना फक्त 13 वेगवेगळी रूपं येतात. मराठीने हा पसारा आणखी आवरला आहे. आपण कर्त्याच्या रूपात लिंग आणि वचन दाखवतो आणि नामाला प्रत्यय लागला की विशेषणाचं एकच सामान्यरूप करतो: नव्या वाड्यात, नव्या विहिरीवर, नव्या घरातून. लॅटिनमध्ये ही सोय नाही. तिथे विभक्तीचा शेवट नामालाही लागतो आणि विशेषणालाही, अगदी संस्कृतासारखा.

संस्कृत शेजारी ठेवलं की रूपं आपोआप लक्षात राहतात. कर्ता: नवः, लॅटिन नोवुस. कर्म: नवम्, लॅटिन नोवुम. स्त्रीलिंगी कर्म: नवाम्, लॅटिन नोवाम. नपुंसकलिंगात कर्ता आणि कर्म यांचं रूप एकच, संस्कृतातही आणि लॅटिनमध्येही. हा नियम त्या आद्य भाषेपासून चालत आला आहे. संबोधनात नोवुसचं ‘नोवे’ होतं. तो शेवटचा ‘ए’ म्हणजे संस्कृत संबोधनातला ‘अ’: देव, नव.

पंचमी विशेष लक्ष देण्याजोगी आहे. संस्कृतात नवात्, लॅटिनमध्ये नुसतं नोवो. वरवर काही जुळत नाही. पण लूकियुस कोर्नेलियुस स्किपियो बार्बातुस या इ. स. पू. 298 च्या कॉन्सलची (कॉन्सल म्हणजे रोमचा निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी) दगडी शवपेटी आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे आणि तिच्यावर कोरलं आहे: ‘ग्नाइवोद पात्रे’, म्हणजे ग्नायुस नावाच्या पित्यापासून जन्मलेला. हा ‘ओद’ म्हणजेच आपला ‘आत्’. पुढे लॅटिनने शेवटचा ‘द’ टाकला आणि नातं झाकलं गेलं.

षष्ठीचंही तसंच. संस्कृत नवस्य, लॅटिन नोवी. इथे तर एक अक्षरही सारखं नाही. 1977 मध्ये रोमच्या दक्षिणेला सात्रिकुम इथे एक शिलालेख सापडला, इ. स. पू. 500 च्या सुमाराचा. त्यात एका माणसाचं नाव षष्ठीत आहे: ‘पोप्लिओसियो वालेसिओसियो’. ‘ओसियो’ आणि ‘अस्य’ ही एकाच मुळाची रूपं. म्हणजे त्या परिसरातल्या जुन्या बोलीत ‘स्य’ होता आणि अभिजात लॅटिनने तो सोडून ‘ई’ धरला. याच लेखातला ‘वालेसि’ पुढे ‘वालेरियुस’ झाला, कारण दोन स्वरांमधल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ होतो. हा नियम मनात ठेवला की नोवुसची लांबलचक वाटणारी रूपंही उलगडतात. स्त्रीलिंगी अनेकवचनी षष्ठी आहे ‘नोवारुम’. ‘र’च्या जागी ‘स’ ठेवा, ‘आसोम’ मिळेल. संस्कृतात ‘त्या स्त्रियांचं’ म्हणजे ‘तासाम्’. सर्वनामाचा हा शेवट लॅटिनने नामांना आणि विशेषणांनाही लावून टाकला.

लॅटिनच्या पाचव्या विभक्तीवर कामाचा बोजा मोठा आहे. संस्कृतातली तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचं काम तिथे जवळजवळ ती एकटीच करते. ‘नोवो ग्लादियो’ म्हणजे नव्या तलवारीने. ‘एक्स नोवा उर्बे’ म्हणजे नव्या शहरातून. ‘इन नोवा उर्बे’ म्हणजे नव्या शहरात. विशेषण तिन्हीकडे त्याच विभक्तीत आहे, ‘तून’ की ‘त’ हे त्याच्या आधी येणारं अव्यय (‘एक्स’ किंवा ‘इन’) ठरवतं. या स्त्रीलिंगी रूपातला शेवटचा ‘आ’ दीर्घ असतो, कर्त्याच्या रूपातला ऱ्हस्व. लिहिताना फरक दिसत नाही, रोमन कानाला तो ऐकू येई.

मराठी वाचकासाठी एक सापळा आहे. आपल्याकडे शेवटचा ‘आ’ पुल्लिंगाची खूण: नवा, जुना, मोठा. लॅटिनमध्ये तोच ‘आ’ स्त्रीलिंगाची खूण: नोवा. असं का? मराठीचा ‘नवा’ थेट ‘नवः’पासून आलेला नाही. मध्ये ‘क’ जोडून ‘नवकः’ झालं, प्राकृतात ‘क’ गळून ‘णवओ’, आणि त्यातून नवा. तसंच ‘नविका’वरून नवी, ‘नवकम्’वरून नवें. लॅटिन नोवाचा खरा जोडीदार आहे संस्कृतातली स्त्रीलिंगी ‘नवा’.

दुसरा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. विशेषण नामाशी जुळतं म्हणजे दोघांचे शेवट सारखे दिसतात का? नाही. लॅटिनमध्ये ‘सून’ म्हणजे ‘नुरुस’. शेवट ‘उस’, पुल्लिंगी वाटावा असा. तरी नवी सून म्हणजे ‘नोवा नुरुस’. जुळायचं असतं ते लिंग, शेवटचा आवाज नव्हे. मराठीतही आपण ‘नवी सून’ म्हणतो, सून या शब्दाला कोणताही स्त्रीलिंगी शेवट नसताना. या दोन शब्दांच्या जोडीवर माझा फार जीव आहे, कारण नुरुस आणि सून हेही सख्खे आहेत. संस्कृत स्नुषा, प्राकृत सुण्हा, मराठी सून. तिकडे ‘स्नुसोस’वरून नुरुस, मधल्या ‘स’चा ‘र’ होऊन. पुण्यातल्या घरात आज सहज उच्चारलेली ‘नवी सून’ आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधली ‘नोवा नुरुस’ या मुळातून एकच आहेत.

आणखी एक गंमत अनेकवचनात आहे. मराठीत ‘नवी’ हे रूप दोन जागी येतं: नवी साडी आणि नवी घरं. स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन यांचं रूप एकच. लॅटिनमध्येही हेच: ‘नोवा स्टेल्ला’ म्हणजे नवा तारा (तो शब्द तिथे स्त्रीलिंगी आहे) आणि ‘नोवा कोर्पोरा’ म्हणजे नवी शरीरं. मराठीत हे दोन वेगळ्या वाटांनी एका ठिकाणी पोचलेलं रूप आहे. जुन्या मराठीत ‘नवीं घरें’ असं अनुस्वार देऊन लिहीत, तो अनुस्वार ‘नवकानि’मधल्या ‘नि’ची खूण. लॅटिनमध्ये मात्र कूळ खरोखर एक मानतात. आद्य भाषेत समूह दाखवणारा जो प्रत्यय होता, त्यातूनच नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंग दोन्ही निघाली, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. वेदातही ‘युगानि’ (जोखडं) याऐवजी ‘युगा’ असं रूप सापडतं, लॅटिनमध्ये ‘युगा’च.

एवढ्या रूपांचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी रोमन कवी ओविडच्या ‘मेटामॉर्फोसेस’ या काव्याची पहिली ओळ दाखवतो: ‘इन नोवा फेर्त आनिमुस मूतातास दीकेरे फोर्मास’, आणि पुढची ओळ सुरू होते ‘कोर्पोरा’ने. अर्थ असा: रूपं पालटून नवी शरीरं कशी झाली, ते सांगायला माझं मन मला ओढतं आहे. ‘नोवा’ ओळीतला दुसरा शब्द आहे आणि त्याचं नाम ‘कोर्पोरा’ पुढच्या ओळीत. मध्ये पाच शब्द. ऐकणाऱ्याला आधी वाटतं, ‘माझं मन नव्याकडे ओढलं जातं आहे’, कारण तेवढ्याचाही अर्थ लागतो. मग ‘कोर्पोरा’ येतो, नोवा त्याला जाऊन जुळतो आणि वाक्यच पालटतं. पालटाच्या काव्यातलं पहिलं वाक्य ऐकता ऐकता पालटतं. विशेषणाच्या शेवटात विभक्ती नसती तर हे करता आलंच नसतं. मराठीत ‘नवी’ला ‘शरीरं’पासून इतकं लांब नेलं तर ऐकणारा हरवेल.

तुलनेच्या रूपांत नोवुस थोडा आडमुठा आहे. ‘अधिक नवा’ म्हणायला ‘नोविओर’ हे रूप नियमाने होतं, पण रोमन लोक ते क्वचितच वापरत. त्याऐवजी ‘रेकेन्तिओर’ हा दुसरा शब्द घेत. ‘सर्वांत नवा’ म्हणजे ‘नोविस्सिमुस’ मात्र खूप चाललं, आणि त्याचा अर्थ झाला ‘शेवटचा’. रांगेत सगळ्यांत नंतर आलेला तो शेवटी उभा असतो. सीझरच्या युद्धवर्णनात ‘नोविस्सिमुम आग्मेन’ म्हणजे सैन्याची पिछाडी. इ. स. पू. पहिल्या शतकातला विद्वान वार्रो लिहितो की हा शब्द आपल्या आठवणीत रूढ झाला, आणि आपले गुरू आयलियुस व इतर म्हातारी माणसं तो फारच नवा शब्द म्हणून टाळत असत.

नवेपणाकडे रोमन माणूस कसा पाहत असे, तेही या विशेषणाच्या जोड्यांतून दिसतं. ‘नोवुस होमो’, म्हणजे नवा माणूस, हे ज्याच्या घराण्यात आधी कोणी मोठं पद भूषवलेलं नाही अशा पुढाऱ्याला म्हणत. इ. स. पू. 63 मध्ये कॉन्सल झालेला किकेरो, आपण ज्याला सिसेरो म्हणतो, तसा होता, आणि उच्च कुळातले लोक त्याला ते विसरू देत नसत. ‘रेस नोवाए’ म्हणजे शब्दशः नव्या गोष्टी. अर्थ मात्र राज्यक्रांती, उलथापालथ. सीझर गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या, दुम्नोरिक्स या सरदाराबद्दल ‘नव्या गोष्टींचा हावरा’ असं लिहितो, तेव्हा तो त्याच्यावर बंडाचा आरोप करत असतो. पोप तेरावा लिओ याने 1891 मध्ये कामगारांच्या स्थितीवर काढलेलं प्रसिद्ध परिपत्रक ‘रेरुम नोवारुम’ या नावाने ओळखलं जातं. त्यातली षष्ठी आता तुम्हाला ओळखता येईल. आणि ‘ताबुलाए नोवाए’, नव्या वह्या, म्हणजे कर्जमाफी: जुनी खाती पुसून नव्याने लिहायला घ्यायची. सिसेरोच्या काळात सत्ता उलथवण्याचा कट करणाऱ्या कातिलीनाने आपल्या साथीदारांना हेच आश्वासन दिलं होतं.

मराठीत ‘नवल’ म्हणजे आश्चर्य, आणि तोही ‘नव’चाच वंशज. रोमन लोकही कधी न पाहिलेल्या, अजब गोष्टीला नोवुस म्हणत. 1572 मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात अचानक एक तेजस्वी तारा दिसू लागला. तिखो ब्राहेने 1573 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात ‘दे नोवा स्टेल्ला’ हे शब्द होते: नव्या ताऱ्याविषयी. पुढे ‘स्टेल्ला’ गळलं आणि विशेषण एकटंच नाम झालं. नोव्हा, सुपरनोव्हा ही आज आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांतली नावं स्त्रीलिंगी रूपात आहेत ती त्या न लिहिलेल्या ‘स्टेल्ला’ शब्दामुळे. प्रत्यक्षात तो तारा नवा नव्हता. जुन्या ताऱ्याचा स्फोट होता.

लॅटिनपासून पोर्तुगीज झाली तेव्हा नपुंसकलिंग गेलं, विभक्ती गेल्या, आणि बहुतेक शब्दांचं फक्त द्वितीयेचं रूप उरलं. ‘नोवुम’चं ‘नोवू’ झालं, ‘नोवाम’चं ‘नोवा’, आणि ‘नोवास’ हे स्त्रीलिंगी अनेकवचनी कर्म जसंच्या तसं राहिलं. गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे अठराव्या शतकात जिंकलेले महाल म्हणजे ‘नोवास कोंकिस्तास’, नव्या काबिजादी. त्या नावात लॅटिनची द्वितीया अजून शाबूत आहे. बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादी, ‘वेल्यास कोंकिस्तास’. हा ‘वेल्या’ लॅटिन ‘वेतुस’, म्हणजे जुना, याच्या लघुरूपातून आला: वेतुलुस, मग बोलीतलं वेक्लुस, मग पोर्तुगीज वेल्यु. ‘वेक्लुस नको, वेतुलुस म्हणा’ असं बजावणारी एक जुनी लॅटिन शब्दयादीही शिल्लक आहे. आणि वेतुसच्या मुळाशी ‘वर्ष’ या अर्थाचा जो शब्द मानतात, तोच संस्कृतात ‘वत्सर’मध्ये आहे.

1843 मध्ये पणजीला शहराचा दर्जा मिळाला आणि नाव पडलं ‘नोवा गोवा’. जुनी राजधानी ‘वेल्या गोवा’. पोर्तुगीजांसाठी गोवा स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. तिथल्या कोंकणीत गोंय नपुंसकलिंगी, म्हणून जुनी राजधानी ‘पोरणें गोंय’ आणि नवी ‘नवें गोंय’. मराठीत गोवा पुल्लिंगी, म्हणून ‘नवा गोवा’.